मामांचा वाळा

माझ्या बायकोच्या मामांइतका खाली मान घालून चालणारा आणि तरीही कुणापुढे मान न तुकवणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसरा नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. खाली मान ही त्यांच्या स्वभावाची नव्हे, नोकरीची देणगी. न्हावा शेव्याच्या बंदरात त्यांनी तीस वर्षं क्रेन चालवली. जहाजावरचे कंटेनर उचलणाऱ्या त्या उंच क्रेनच्या केबिनला पायाखाली काच असते आणि चालवणारा माणूस तासन् तास आपल्याच गुडघ्यांच्या मधून खाली पाहत बसतो. निवृत्त झाल्यावर क्रेन सुटली, मान तशीच राहिली. मामा रस्त्याने चालायला लागले की समोरून येणाऱ्याला वाटतं, यांचं काहीतरी हरवलंय. शोधायला मदत म्हणून दोन-तीन सज्जन तर आजवर त्यांच्याबरोबर वाकून बरंच अंतर चाललेही आहेत. मामा त्यांना थांबवत नाहीत. "बगू दे," म्हणतात, "जमीन बगायची सवय चांगलीच."

माझ्या बायकोचे आईवडील ती लहान असतानाच गेले. तिला मामा-मामींनीच वाढवलं. त्यामुळे नात्याने मामेसासरे असले तरी मानाने ते माझे सासरेच, आणि सासरेपणाचे सगळे अधिकार त्यांनी पहिल्या दिवसापासून माझ्यावर गाजवले. मी पनवेलच्या एका शाळेत भूगोल शिकवतो, हे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला होता, "जावईबापू, आज भरती किती वाजता?" मला सांगता आलं नाही. मामा मामींकडे वळून म्हणाले, "पोरगा बरा हाय. भूगोल शिकवावा लागंल."

त्यांचं गाव पेण आणि अलिबागच्या मधल्या खाडीकाठाला. तिथली भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खोलगट. शेत आणि समुद्र यांच्यामध्ये फक्त मातीचा एक लांबच लांब बांध उभा असतो. बांध आहे तोवर शेत गोडं. बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटला, की खारं पाणी आत शिरतं आणि पुढची काही वर्षं जमीन भाताला नको म्हणते. गावातल्या प्रत्येक घराकडे बांधाचा आपापला तुकडा सांभाळायला दिलेला. बाकीचे लोक दर वर्षी आपल्या तुकड्यावर चिखल थापतात. मामांनी आपल्या तुकड्यावर गवत लावलं. साधंसुधं गवत नव्हे, वाळा. उन्हाळ्यात माठात ज्याच्या मुळांची जुडी टाकतात तोच.

या वाळ्याची आणि मामांची गाठ तळा गावातल्या एका लग्नात पडली. माझ्या बायकोच्या मावसबहिणीचं लग्न. मुलीला बोहल्यावर मामाने आणायचं असतं आणि मुहूर्ताला मामाच बेपत्ता. गुरुजी ध्वनिक्षेपकावरून "मुलीचे मामा, मुलीचे मामा" असा पुकारा करताहेत, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आलेत, आणि मामा कार्यालयाच्या मागच्या उतारावर नव्या धोतरानिशी एका गवताच्या ठोंबाशी झुंजताहेत. पावसात डोंगराची माती घसरू नये म्हणून कुणीतरी तिथे वाळ्याची रांग लावली होती. शोधायला गेलेल्या तिघांना मामांनी परत पाठवलंच नाही, ठोंब ओढायला लावलं. तिघांनी जोर केला, एकजण पाठीवर पडला, ठोंब जागचा हलला नाही. "बगितलंव?" मामा घाम पुसत म्हणाले, "जे तीन माणसांना उपटत न्हाय ते समुद्राला काय उपटनार?" त्यानंतरच मुलगी बोहल्यावर आली. परतीच्या एसटीत बाकीच्यांच्या मांडीवर लाडवांची पुडकी होती. मामांच्या मांडीवर फावड्याने खणून काढलेला वाळा होता आणि त्यातून गळणारा चिखल शेजारच्या बाईंच्या पैठणीवर होता.

पहिल्या वर्षी मामांनी सपाटून मार खाल्ला. उत्साहाच्या भरात ऐन उन्हाळ्यात, तेही बांधाच्या समुद्राकडच्या अंगाला, त्यांनी सगळी रोपं लावून टाकली. "पंधरा दिवसांत नुसता पेंढा झाला," मामी सांगतात. गाव हसलं. मामांनी एक दिवस जेवण टाकलं, दुसऱ्या दिवशी दुप्पट जेवले आणि जाहीर केलं, "गवताची चूक न्हाय. आपन त्याला अंगणवाडीतून थेट कॉलेजात घातला."

मग परसात वाळ्याची शाळा सुरू झाली. जुनी पिंपं, फुटक्या बादल्या, मामींचं डाळ शिजवायचं मोठं पातेलं, सगळ्यांत रोपं. आधी महिनाभर विहिरीचं गोडं पाणी. मग दर आठवड्याला त्या पाण्यात खडेमीठ, थोडं थोडं वाढवत. वाळ्याला खाऱ्याची सवय लागते पण हळूहळू लागते, हे मामांनी स्वतः शोधून काढलं होतं आणि ते तपासायचं यंत्र म्हणजे त्यांची जीभ. रोज सकाळी बोट बुडवायचं, चाखायचं आणि मोठ्याने निकाल सांगायचा. "आज वरणायेवढं खारट." "आज कोलंबीच्या कालवणायेवढं." ज्या दिवशी "सुकटीयेवढं!" अशी आरोळी आली, त्या दिवशी शाळा संपली. जी रोपं त्यातून हिरवी राहिली ती बांधावर गेली, जी पिवळी पडली ती, मामांच्या भाषेत, "नापास" झाली. नापासांनाही त्यांनी फेकलं नाही. त्यांची वेगळी गोड्या पाण्याची तुकडी केली. "सगल्यांनी समुद्रावरच जायला पायजे असं थोडंच हाय?" मी शाळामास्तर आहे. हे वाक्य मी शिक्षकांच्या बैठकीत दोनदा वापरलं आहे.

माझं लग्न झालं आणि लगेच अधिक महिना आला. आमच्याकडे अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण करतात, अनारशांचं वाण देतात. बायकोने मला कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायला लावला होता. पाटाभोवती रांगोळी घातलेली, स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येत होता. मी पाटाकडे निघालो तेवढ्यात मामा म्हणाले, "पाऊस थांबलाय, दहा मिनिटांत येऊ," आणि मला बांधावर घेऊन गेले. आम्ही परतलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

पण वाळा कसा लावायचा हे मी त्या दिवशी शिकलो आणि आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. वाळ्याचं बी पेरत नाहीत. जुना ठोंब फोडायचा, दोन-तीन फुटव्यांची एकेक पेंडी सुटी करायची. पात वीतभर ठेवून वरची छाटायची, मुळं चार बोटं ठेवून खालची. मग ती जुडी शेणकाल्यात बुडवून ओल्या गोणपाटात तीन-चार दिवस ठेवायची. पांढरी नवी मुळी डोकावली की लावायला घ्यायची. पावसाने बांधावरचं मीठ धुऊन नेल्याशिवाय हात लावायचा नाही. दोन रोपांत वीतभरही अंतर नको, कारण रांग दाटली तरच माती अडते. रोप भोकात ठेवायचं, माती टाचेने दाबायची आणि मग एक पात धरून हलकं ओढून पाहायचं. निघून आलं तर पुन्हा लावायचं.

माझी पहिली पंचवीस रोपं निघून आली. मामा गुडघ्यावर बसून एकेक ओढत पुढे सरकत होते आणि माझ्या हातात परत देत होते. चेहऱ्यावर राग नाही, निराशा नाही. फक्त "पुन्हा." सव्विसावं रोप नाही निघालं. मामांनी ते दोनदा ओढलं, तिसऱ्यांदा ओढलं. मग त्यांनी वर पाहिलं. त्या मानेने वर पाहणं म्हणजे केवढा उपद्व्याप! "जावईबापू," ते म्हणाले, "आता तुमी आमचे झालाव." लग्नात अक्षता पडल्या तेव्हाही मला इतकं विवाहित वाटलं नव्हतं. त्यानंतर चिखलाने भरलेल्या अंगाने मी रांगोळीतल्या पाटावर बसलो आणि मामींनी एका हाताने अनारशांचं ताट पुढे केलं आणि दुसऱ्या हाताने धुवायला शर्ट मागितला, असे माझे दोन्ही मान एकदमच केले.

आमच्या मुलीच्या बारशाची हकीकत तर आमच्या सोसायटीत अजून सांगतात. आदल्या आठवड्यात मामांचा फोन आला, "बालाला वाले घेऊन येतो." मामांच्या बोलण्यात 'ळ' चा 'ल' होतो हे बायकोला माहीत होतं. तिने सगळ्यांना सांगितलं, मामा बाळाला चांदीचे वाळे आणणार. माझी आई म्हणाली, मग आपण पायातलं घ्यायला नको, कमरेची साखळी घेऊ. बारशाच्या दिवशी पाहुण्यांनी घर भरलेलं, पाळणा झेंडूने सजवलेला, बाळाचे दोन्ही पाय रिकामे. मामा आले. खांद्यावर ओलं गोणपाट. त्यातून त्यांनी वाळ्याच्या दोन जुड्या काढल्या, लाल दोऱ्याने बांधलेल्या, आणि पाळण्याच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या. घरभर ओल्या मातीचा वास सुटला. माझ्या आईने बाळाच्या पायांकडे पाहिलं, मग जुड्यांकडे, मग माझ्याकडे. मामा मात्र निवांत. "दोन वाले," ते म्हणाले, "एक तिच्या नावानं बांधावर लावनार, एक तुमच्या गच्चीवर. चांदी काली पडते." कुणाला तरी हसू फुटलं आणि मग कुणालाच आवरेना. सगळ्यांत मोठ्याने बाळ रडत होतं. गच्चीवरचा वाळा आजही आहे, त्याला सोसायटीच्या पाण्याची टाकी गळते तिथे जागा मिळाली आहे आणि तो वाढता वाढता सचिवांच्या डिश अँटेनापर्यंत गेला आहे.

वाळा मामा कुणालाही देत, पण कुठेही देत नसत. एकदा काशीदहून एक गृहस्थ गाडी घेऊन आले. त्यांचं समुद्रकिनारी पर्यटकांसाठी छोटं निवासस्थान होतं, अंगणाच्या कडेला शोभेला वाळा हवा होता. मामांनी त्यांना ओटीवर बसवून चहा दिला आणि मुलगी दाखवायच्या आधी स्थळाची चौकशी करावी तशी चौकशी आरंभली. पाणी कुठलं? पहिले तीन महिने बकऱ्या येणार नाहीत ना? वर्षातून दोनदा हातभर उंचीवर कापणार कोण? ते गृहस्थ सगळ्याला हो म्हणत होते. "सावली कसली हाय?" मामांनी शेवटचं विचारलं. "सुरूची बाग आहे ना मोठी, मस्त गारवा असतो," गृहस्थ अभिमानाने म्हणाले. मामांनी चहाचा कप त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला. "वाल्याला ऊन लागतं. सावलीत त्यो झुरून मरंल. न्हाय जमायचं." गृहस्थ रिकाम्या गाडीने परत गेले. मामी म्हणाल्या, "भाचीला द्यायच्या वेलेला यवडं इचारलं न्हवतं." मी तिथेच बसलो होतो.

हे सगळं ऐकून कुणालाही वाटेल, माणूस निवृत्त झाला, वेळ जात नाही, म्हणून नाद लागला. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. एका दुपारी मामी ओटीवर सुके बोंबील साफ करत बसल्या होत्या आणि मामा नेहमीप्रमाणे बांधावर होते. मी सहज थट्टेने म्हटलं, "मामी, मामांचं तुमच्यापेक्षा गवतावर प्रेम जास्त." मामी हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी एक बोंबील हातात तसाच धरून ठेवला.

"तुमाला ठावं न्हाय," त्या म्हणाल्या. "बांध एकदा आमच्याच तुकड्यावर फुटलावता. हे तवा कामावर. फोन केला दुकानातनं, सांगितलं, पानी आत येतंय. हे म्हनले, गावचे लोक हायत ना, मी शिफ्ट झाली का येतो. म्या आनि चार बायांनी टोपल्यानं चिखल टाकला. छातीयेवढ्या पान्यात. व्हतं ते गेलं." त्यांनी बोंबलाचं डोकं मोडलं आणि पुढचा उचलला. "माज्या बापानं दिल्यालं शेत. सात वर्सं तितं दाना पिकला न्हाय. म्या कवा बोलले न्हाय. त्ये पन न्हाय बोलले."

मी संध्याकाळी बांधावर गेलो तेव्हा मामा रांग कापत होते. मी काही विचारलं नव्हतं; माझ्या तोंडावरूनच त्यांना कळलं असावं. "सुट्टी मागितली असती तर मिलाली असती," ते विळा न थांबवता म्हणाले. "म्या मागितलीच न्हाय. वाटलं, बांध काय आज फुटतोय." मीही दुसरा विळा उचलला आणि आम्ही दोघांनी रांग शेवटपर्यंत कापली.

मामींच्या शेतात भात पुन्हा उभं राहिलं होतं, खाऱ्या जमिनीतही तगणारं लाल राता जातीचं. बांधावर मामांचा वाळा कमरेला लागत होता, रांग इतकी दाट की तिच्यातून बेडूकही वाकडा होऊन जायचा. गावाने हसणं कधीच सोडलं होतं, पण गवत लावायचं मात्र कुणी मनावर घेतलं नव्हतं. आणि त्याच वर्षी, गणपती होऊन गेल्यावर, भात पोटरीत, कणसं बाहेर पडायच्या बेतात असताना बांध फुटला. मामांचा तुकडा नव्हे. त्याच्या पलीकडे दोन तुकडे सोडून.

मी सुट्टीसाठी गेलो होतो. सकाळी पाहिलं तर दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढी खांड पडलेली. पाणी ओहोटीबरोबर परत गेलं होतं, नुकसान अजून चार-पाच शेतांपुरतंच होतं. पण दुपारी पुन्हा भरती, आणि दोन दिवसांनी अमावास्येचं उधाण. गावाने बांबू ठोकले, रेतीच्या गोणी टाकल्या. एक पोकलेन आलं होतं, पण टाकायला घट्ट माती कुठेच नव्हती. जी उचलावी ती चिखल होऊन ओघळत होती. बाहेरून माती आणावी तर गाड्या बांधापर्यंत येत नव्हत्या. घट्ट माती एकाच ठिकाणी होती आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

सरपंचबाई स्वतः मामांच्या अंगणात आल्या. मागे पंधरावीस माणसं, पण बोलायला कुणी पुढे होईना. "काका," सरपंचबाई म्हणाल्या, "तुमच्या तुकड्याची माती खरवडावी लागंल असं म्हनतात."

मामा पायरीवर बसले होते. त्यांची मान खाली. ती नेहमीच खाली असते, म्हणून काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. मामी दारात उभ्या होत्या. त्यांचं शेत त्या तुकड्याच्याच मागे. माती काढली तर पहिला धोका त्यालाच. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. मामींनी फक्त डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि म्हणाल्या, "बसून काय ऱ्हायलाव? उठा."

"माती खरवडायची न्हाय," मामा उठत म्हणाले. "ठोंब काढायचे. मुलांसकट, मातीसकट. एक सोडून एक. म्हंजे आमचा बांध पन ऱ्हाईल आनि ठोंब खांडीत रचता येतील. त्याची माती सुटत न्हाय."

पोकलेनचा ऑपरेटर चाळिशीचा, विदर्भातून आलेला, कामाला वाघ. त्याने दात खुपसून पहिला ठोंब काढला तो मधोमध फाटला. दुसरा अर्धा खालीच राहिला. तिसऱ्याला मामांनी हात वर केला. "उतर खाली."

"काका, हे चालवलंय का कधी?"

"न्हाय. ह्ये न्हाय."

दोघांनी मागून रेटा दिला तेव्हा मामांचे आधीच दुखरे गुडघे केबिनपर्यंत चढले. ऑपरेटर दारात उभा राहून कुठला दांडा कशाचा ते सांगू लागला. पहिल्या झटक्याला पोकलेनचा हात असा गर्रकन फिरला की सरपंचबाईंसकट सगळं गाव चिखलात पालथं पडलं. दुसऱ्या झटक्याला बादली आभाळाकडे गेली. "सोडा काका," कुणीतरी ओरडलं. मामांना ते ऐकूच गेलं नसावं. त्यांनी एकेक दांडा सावकाश हलवून पाहिला, पुढे, मागे, पुन्हा पुढे. बंदरात नव्या क्रेनवर बसल्यावर करत असतील तसं. मग त्यांनी मान वाकवली आणि ती मान आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांना अगदी बरोबर वाटली. बादली खाली आली. ठोंबाच्या बाजूला हातभर अंतरावर टेकली, तिरकी शिरली, थांबली, किंचित मागे आली, आणि अख्खा ठोंब, मुळांच्या जटा आणि मातीचा भलाथोरला गोळा घेऊन, झोपलेलं मूल उचलावं तसा वर आला. एक पात मोडली नव्हती. ऑपरेटर नुसता बघत राहिला. "बाप रे," एवढंच म्हणाला.

दुपारपर्यंत मामांनी ठोंब उचलले आणि खांडीत एकाला एक लावून ठेवले. फटींमध्ये आम्ही चिखल आणि पेंढा कोंबत होतो, बायका गोणी पुढे सारत होत्या. कधीतरी माझ्या लक्षात आलं की मामी माझ्या शेजारी छत्री घेऊन उभ्या आहेत. ऊन चांगलंच तापलं होतं. छत्री उघडायचं त्या विसरल्या होत्या.

"तीस वर्सं डबा भरून दिला," त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "घरी यायचे ते नुसते झोपायचे. ह्यांना काम करताना म्या आज पायलं." त्यांची नजर बादलीबरोबर खाली उतरली. "किती हलू ठेवतात, न्हाय?"

भरती आली. पाणी बांबूंना लागलं, गोणींवर चढलं, ठोंबांच्या पातींत शिरलं. दोन ठिकाणांहून पाझर सुटला, तिथे लोक आडवे झाले. एक ठोंब कलंडला. बाकीचे राहिले. पाणी जितकं चढायचं तितकं चढलं, घटकाभर थांबलं आणि मग, कुणी काही न म्हणता, उतरू लागलं. ते वाळ्यामुळे थांबलं की गोणींमुळे, बांबूंमुळे की शंभर माणसांच्या हातांमुळे, हे मी सांगू शकत नाही. मामा सांगू शकतात, पण त्यांचं मत एकतर्फी आहे. अमावास्येचं उधाण येईपर्यंत खांडीवर पक्की भर पडली होती.

मामांना केबिनमधून उतरवायला चौघे लागले. खाली आल्यावर ते मामींपुढे उभे राहिले. अंगावर चिखल तसाच होता. गाव आजूबाजूला होतं, पण त्यांना ते दिसत नसावं.

"ह्या वेलेला व्हतो ना गं?" त्यांनी विचारलं.

"व्हता," मामी म्हणाल्या. "चला, जेवून घ्या."

त्या दिवसाने मामांचे गुडघे मात्र घेतले. त्यानंतर ते बांधापर्यंत चालू शकले नाहीत. उचललेल्या ठोंबांपैकी अर्धेअधिक नव्या जागी रुजले, काही कुजले. मामांच्या स्वतःच्या तुकड्यावर रांगेत मोकळी भोकं राहिली, ती पुढच्या पावसात मी, सरपंचबाई आणि गावातल्या सातआठ घरांनी मिळून भरली. आता त्या बांधावर बऱ्याच लोकांचा वाळा आहे आणि प्रत्येकजण आपलाच दाट असल्याचं सांगतो. मामांची रांग मामी पाहतात. विळा घेऊन सकाळीच जातात, तण काढतात, त्यांना वाटेल तेव्हा कापतात. "वर्सातून दोनदाच कापायचं असतं," मामा घरातून ओरडतात. मामी ऐकत नाहीत.

परवा मी गेलो तेव्हा मामा दाराशी खुर्ची टाकून बसले होते, शेजारी पाण्याची कळशी. ऊन चढल्यावर मामी वाटेने येताना दिसल्या, पोटऱ्यांपर्यंत चिखल. मामा खुर्चीचा हात धरून उठले, तांब्या भरला आणि त्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्यावर वाकून, एक हात भिंतीला टेकून, त्यांच्या पायांवर पाणी घालू लागले. मी पुढे झालो तर त्यांनी कोपराने मला बाजूला सारलं. चिखल पायरीवरून वाहून गेला. तांब्या रिकामा झाला, त्यांनी पुन्हा भरला.

"कसं हाय बांधावर?" त्यांनी खाली पाहूनच विचारलं.

मामींनी एक पाय उचलून दुसऱ्यावर घासला.

"हाय," त्या म्हणाल्या.